तेविसाव्या चालीचं कारण

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. भाजीवाल्याने तराजू उचलला की माझी नजर काट्यावर जाते. औषधाच्या दुकानात मी गोळीच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचते. माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणारं एखादं पोर एकदम झकास चाल खेळलं, तर माझ्या तोंडून शाबासकीच्या आधी "का खेळलास?" हेच बाहेर पडतं. पोरं वैतागतात. एकीची आई मला तोंडावर म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवता की उलटतपासणी घेता?" मी म्हटलं, दोन्ही. पण हा स्वभाव मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. तो मला तारापूरजवळच्या सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत लागला, आणि तिथे तो सगळ्यांनाच होता.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पॅनेल ऑपरेटर होते. भिंतभर दिवे, आकडे आणि बटणं असलेल्या खोलीत बसून खालच्या टाक्यांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. पण आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पॅनेल सत्तर म्हणतंय म्हणून सत्तर असतंय असं न्हाई," ते म्हणायचे. "उठायचं, जिना उतरायचा, टाकीवरचा काटा डोळ्यांनी बघायचा." घरीही तेच. गॅस बंद केलाय असं आईने सांगितलं तरी ते स्वतः जाऊन बटण चाचपून यायचे. आई चिडायची, "अहो, मी काय तुमची टाकी आहे का?" पण तीही कमी नव्हती. नळाला पाणी आलं की आधी ओंजळभर घेऊन त्याचा वास घ्यायची, मगच हंडा लावायची. संध्याकाळी वारा फिरला आणि नाकाला काही झोंबलं की शेजारच्या खोलीतली भाभी दार वाजवायची, "भाभी, ये आपके यहाँ भी आ रहा है क्या?" मग सगळ्या दारांतून माना बाहेर यायच्या आणि जो तो हवेत नाक खुपसून उभा राहायचा. कारखान्यांची घरघर अष्टौप्रहर चालू असायची. ती ऐकू यायची नाही, थांबली तर मात्र सगळे एकमेकांकडे बघायचे.

आण्णांचा खरा जीव होता लॉगबुकात. दर तासाला आकडे लिहायचे, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला ते लिहायचं, आणि का फिरवला तेही लिहायचं, वेळेसकट. पाळी संपली की पुढचा माणूस ते वाचून चार्ज घेणार. काही तरुण पोरं आळस करायची. आठ तास गप्पा मारायच्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळे रकाने भरून टाकायचे. अशांची नावं घेताना आण्णांच्या कपाळावरची शीर उठायची. "कारण त्याच वक्ताला लिहायचं. मागनं लिहिलेलं कारण खोटंच असतंय. मागनं सगळेच शहाणे होत्यात." हे वाक्य मी भाकरीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, आणि पुढे आई शिकली त्या बोंबलाच्या कालवणाबरोबर इतक्या वेळा गिळलंय की त्याची चव मला अजून सांगता येईल.

बोंबलाचं कालवण आईला शिकवलं जनीमावशीने. ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, टोपली घेऊन आठवड्यातून दोनदा यायची. आमची आई घाटावरची, मासळीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक माशाकडे चोर पकडल्यासारखी बघायची. कल्ले उघड, पोट दाब, वास घे. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहायची. "वैनी, अगो माशाला बघाय आलीस का पोरीला? तवरचा दाबतंय, दाबतंय. तुमी घाटावरची मानसं लय संशयी हाव." आई म्हणायची, ताजा आहे कशावरून? "आमी सांगतंय म्हनून! आमाला नाय काय जीव?" आणि एवढं बोलून तीच सगळ्यात ताजा मासा तळातून काढून द्यायची. म्हणजे आई दाबत होती ते बरोबरच होतं, असं मी तेव्हा मनात म्हणायची.

या घरात मी बुद्धिबळ आणलं. शाळेत पेटीतला एक पट होता, घोडा नसलेला; घोड्याच्या जागी खडूचा तुकडा. सरांनी चाली शिकवल्या आणि मी बघता बघता वेडी झाले. मग आण्णांचा जुना मोबाइल माझ्याकडे आला आणि त्यावर एक साइट सापडली. फुकट खेळता यायचं, जगातल्या कुणाशीही. आईला पहिल्या दिवसापासून वास आला. "समोर कोण आहे?" मला माहीत नाही, म्हटलं. "नाव काय त्याचं?" नाव नाही गं, असंच काहीतरी टोपणनाव आणि पुढे आकडे. "नाव नसलेल्या माणसाबरोबर तू दोन-दोन तास काय करतेस?" ती पाठीमागून येऊन उभी राहायची. चौसष्ट घरं आणि लाकडाच्या रंगाच्या सोंगट्या बघून तिला आणखीनच संशय यायचा. मी तिला पाहून खरं काहीतरी लपवलं आणि हा पट पुढे केला, असं तिला वाटायचं. जनीमावशी दारात बसून म्हणाली, "बघ हां वैनी. समिंदरात जालं टाकताव तं काय लागंल ते दिसत नाय. हा तं मोबाइल हाय." झालं, आगीत तेल!

आण्णांचा संशय वेगळाच होता. त्यांना समोरच्या माणसाचं काही नव्हतं, त्यांना साइटचाच संशय. डाव संपला की तिथे एक बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर सगळा डाव तपासून द्यायचा. चांगल्या चालीला हिरवी खूण, गचाळ चालीला लाल, घोडचुकीला दोन प्रश्नचिन्हं, आणि लाखातल्या एखाद्या चालीला दोन उद्गारचिन्हं. खेळ किती टक्के बरोबर तेही सांगायचा. मध्येच अडलं तर दिव्याचं चित्र दाबलं की सूचना. मला वाटायचं, घरबसल्या गुरू मिळाला. आण्णांनी आठवडाभर शेजारी बसून हे बघितलं. एक दिवस म्हणाले, "त्यो सांगतोय, तू मान हलवतीस. उद्या तीच चूक परत करतीस. ह्यात शिकलीस काय तू?" मी म्हटलं, चूक कळली की. "चूक त्याला कळली. तुला कुठं कळली?" मला इतका राग आला! पण मागच्या चार डावांत मी तोच हत्ती त्याच पद्धतीने घालवला होता, त्यामुळे मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि लॉगबुकासारख्या रेघा मारून दिल्या. वेळ, चाल, कारण. चाल खेळली की ताबडतोब लिहायचं. सगळा डाव लिहून झाल्याशिवाय तपासणीच्या बटणाला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीतली कारणं वाचवत नव्हती. "असंच." "समोरच्याने केलं म्हणून." "काही सुचेना." पण खरं सांगते, मी खेळायला शिकले ते त्या वहीत. लाल खुणेच्या शेजारी आपल्या हाताने लिहिलेलं "असंच" वाचलं की जी लाज वाटते ती कुठलाही कॉम्प्युटर वाटायला लावू शकत नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात याहून हुशार साइटी आहेत, त्या बोलतात, समजावतात, पोरांना शाबासकी देतात. मी त्यांच्याकडे अजून तिरप्या नजरेनेच बघते.

आण्णा एवढ्यावर थांबले नाहीत. साइटवर सूचना पाठवायची जागा आहे असं त्यांना कळलं आणि त्यांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला. मी इंग्रजीत लिहायचं. पहिली गोष्ट, पोराने चालीचं कारण लिहिल्याशिवाय तपासणी उघडू नये. दुसरी, हरलेल्याला जिंकलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता यावा, आणि उत्तर दिल्याशिवाय त्याला डावातून बाहेर पडता येऊ नये, चार्ज दिल्याशिवाय पाळी सुटत नाही तसं. तिसरी गोष्ट ऐकून मी पेन खाली ठेवलं. अधूनमधून दिव्याने मुद्दाम खोटी सूचना द्यावी. "अहो आण्णा, असं कुणी करेल का?" ते म्हणाले, "आमच्याकडं खोटा भोंगा वाजवून पळायला लावत्यात का न्हाई? कोण जागा हाय ते कळतंय." तिन्ही गोष्टी पाठवल्या. अर्ध्या मिनिटात आभाराचं उत्तर आलं. आण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "अर्ध्या मिनिटात वाचलंबी? हे माणसानं लिहिलंय का?"

आणि मग ती स्पर्धा आली. जिल्ह्याच्या शालेय मुलींचा संघ निवडायचा होता, चार जणींचा. त्या चौघी पुढे राज्याच्या शिबिराला जाणार. सामने ऑनलाइन, घरूनच, एका रविवारी सकाळी. एका मोबाइलवर खेळायचं आणि दुसरा मोबाइल बाजूला उभा करून त्याचा कॅमेरा चालू ठेवायचा, म्हणजे पंचांना आपण दिसू. मला त्या संघात जायचं होतं. किती, ते शब्दांत सांगता येत नाही. शाळेत मला कुणी नावाने ओळखत नव्हतं, "ती घाटावरची" म्हणायचे. संघात गेले असते तर नाव फळ्यावर लागलं असतं. नियमांचं पत्रक इंग्रजीत होतं, चार पानी. आण्णांनी विचारलं, "वाचलंस का सगळं?" वाचलं, म्हटलं. मी पहिलं पान वाचलं होतं, बाकीची भराभर वर सरकवली होती. कागद-पेन जवळ ठेवायचं नाही, हे तिसऱ्या पानावर होतं. आणि आमच्या घरात तर वहीशिवाय खेळायचं नाही असा कायदा! मी सगळे डाव वही मांडीवर ठेवून, प्रत्येक चालीला मान खाली घालून, लिहीत लिहीत खेळले. कॅमेऱ्यात फक्त माझी मान खाली जाताना दिसत होती.

पाच डाव होते. शेवटचा जिंकला तर चौथी जागा, नाही तर घरी. समोर पालघरची एक मुलगी होती, माझ्याहून पुष्कळ वरची. तेविसाव्या चालीला माझ्याकडे करण्यासारखं काही दिसेना. मी राजा एक घर सरकवून कोपऱ्यात नेला. तिथून डाव कसा कोण जाणे उघडत गेला. तिने माझं एक प्यादं मारलं, राजा आधी उभा होता ती रेघ मोकळी झाली, माझा हत्ती तिथे आला आणि पुढच्या दहा चालींत तिचा राजा उघडा पडला. जिंकले! मी ओरडलेच. आण्णा दुसऱ्या पाळीला जायचे म्हणून आंघोळीला गेले होते, ते आतूनच म्हणाले, "लिहून झालं का सगळं?" झालं होतं. मग मी तपासणीचं बटण दाबलं, आणि तेविसाव्या चालीला दोन उद्गारचिन्हं! राजा कोपऱ्यात गेल्यामुळे हत्तीला जागा होते, मग रेघ उघडते, मग वजीर, मग उंट, अशी आठ चालींची माळ कॉम्प्युटरने ओवून दाखवली होती. मी ती तीनदा वाचली. इतकी सुंदर चाल आपण खेळलो, म्हणजे कुठेतरी आतून आपल्याला दिसलीच असणार, असं मला वाटायला लागलं. पाच मिनिटांत तर खात्रीच झाली.

तेवढ्यात पंचांचा व्हिडिओ कॉल आला. पंच सर होते, समोरची मुलगी होती, तिचे शिकवणारे सर होते, आणखी दोन-तीन चेहरे होते. तक्रार अशी की ही मुलगी प्रत्येक चालीला खाली बघते, आणि तेविसावी चाल एवढ्या वयाच्या मुलीची नाहीच, ती मशीनची आहे. पंच सरांचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त वाईट. "बाळ, घाबरू नकोस. फक्त एवढं सांग, राजा कोपऱ्यात का नेलास?"

आणि मी ती माळ घडाघडा म्हणून दाखवली. हत्तीला जागा, रेघ, वजीर, उंट, आठही चाली, एकही न चुकता. बोलताना मला अभिमानच वाटत होता. मग पंच सर हळू म्हणाले, "बाळ, मी आत्ता कॉम्प्युटर लावून बसलोय. तो हेच सांगतोय. अगदी याच क्रमाने." आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात तसेच धरून उभी होती. आण्णा कारखान्याचा निळा शर्ट चढवून बाहेर आले होते, वरची दोन बटणं अजून उघडीच. कॅमेरा चालू आहे, सगळे ऐकताहेत, याचा विचार न करता त्यांनी मला विचारलं, "वैशे, खेळताना मशीनला विचारलंस?"

"नाही आण्णा."

"शपथेवर?"

"नाही विचारलं हो!" मी रडायलाच लागले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जवळ घेतलं नाही, पंचांना काही सुनावलं नाही. माझ्या मांडीवरची वही उचलली. पंच सर लगेच म्हणाले, "ही वही कसली? वही चालत नाही, नियम आहे." आण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं, पान शोधलं, बोट एका ओळीवर आणलं आणि मग ते उभ्याउभ्याच मोठ्याने वाचू लागले, पाळीचा चार्ज देतात त्या आवाजात. "अकरा बेचाळीस. तेविसावी चाल. राजा कोपऱ्यात. कारण: तिचा घोडा पुढे येऊन शह देईल अशी भीती वाटली."

पंच सरांनी पट बघितला. "पण तो घोडा हलूच शकत नव्हता. हिच्याच उंटाने तो बांधून ठेवलाय, मागे तिचा राजा आहे. घोडा हलला तर तिच्याच राजाला शह."

"ते मला कळत न्हाई साहेब," आण्णा म्हणाले. "मला एवढंच कळतंय की हिला ते दिसलं न्हाई. जी भीती नव्हती तिला भिऊन राजा हलवला हिनं. मशीन असं भिईल का? खेळताना खोटं केलं न्हाई पोरीनं. आत्ता तुमच्यासमोर बोलली, ते खोटं."

कुणीतरी हसलं. समोरची मुलगी हसली, तिचे सरही हसले. माझा आयुष्यातला सगळ्यात सुंदर डाव म्हणजे एक फालतू भीती होती, आणि ती माझ्या बापाने जिल्ह्याला वाचून दाखवली होती. पंच सरांनी वहीची सगळी पानं कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, प्रत्येक ओळीतली वेळ साइटवरच्या वेळेशी ताडून बघितली. पाऊण तास लागला. मग ते म्हणाले, वहीबद्दल समज देतो, डावाचा निकाल कायम. मी चौथी आले. संघात गेले.

फोन बंद झाल्यावर आईने मला कवटाळलं, पिठाच्या हातांनीच. आण्णा उंबऱ्यावर बसून बूट घालत होते, कंपनीची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती. नाडी बांधता बांधता, मान वर न करता ते म्हणाले, "वही वाचेपर्यंत मलाबी वाटलं हुतं. केलंस म्हणून."

आई भडकली. "हे तिला सांगायची काय गरज होती? आत्ता? मनात ठेवता येत नव्हतं?" आण्णा उठले, पिशवी उचलली. "ती आता एक खोटं बोलून बुडता बुडता वाचली. मी तिच्याशी दुसरं बोलू?" आणि ते गेले. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही मनधरणी केली नाही.

आता आण्णा नाहीत. लोक मला विचारतात, वडिलांनी तुमच्यावर केवढा विश्वास टाकला, म्हणून तुम्ही इथवर आलात ना? मी मान हलवते, कारण एवढं सगळं सांगत कोण बसणार. खरं असं आहे की त्यांच्याइतकं मला कुणी वाचवलं नाही आणि त्यांच्याइतकं मला कुणी दुखावलंही नाही, आणि दोन्ही त्या एकाच दुपारी. पुरावा हातात आल्यावर ते माझ्यासाठी जगाशी भांडले. पण पुरावा हातात यायच्या आधी, मी "नाही आण्णा" म्हटलं आणि त्यांनी वही उचलली, तेवढ्या मधल्या क्षणात मला माझा बाप माझ्या बाजूने हवा होता. तो नव्हता. हे मी त्यांना शेवटपर्यंत बोलले नाही.